बोट ठेवायची जागा

जेवणाच्या सुट्टीत, भाकरीचं फडकं सोडायच्या आधी, काका आम्हाला आदल्या रात्री घरी काकूंकडून झालेली आपली हार दाखवत.

पिशवीतून एक जुना चपटा पत्र्याचा डबा निघे. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतः नवकंकरीचा पट रंगवला होता. एकात एक तीन चौकोन, मधे त्यांना जोडणाऱ्या रेघा. सगळा मिळून तळहाताएवढा. डब्यात हरभऱ्याएवढ्या प्लास्टरच्या गोट्या, नऊ तांबड्या आणि नऊ पांढऱ्या. आपल्या तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक मारायची. ते झाकण आमच्यापुढे धरत, एका कोपऱ्यावर बोट ठेवत आणि अगदी सरळ आवाजात सांगत, “काल हितं. ही गोटी हलवायला नको होती. काकूनं दोन वेळा मारलं.”

मग भाकरी.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. माझ्या शेजारी बसणारी सुगंधा म्हणाली, “हसू नको गो. तू हरलीस की तुला पण करायला लागंल.”

मी त्या वेळी पेणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेज हा शब्द मीच पहिल्यांदा आणला. बाबा मिठागरावर जातात, आई शेतावर. सकाळी कासूहून गाडीने पेणला यायचं, साडेबारापर्यंत तास, मग चालत गणपतीच्या कारखान्यात. मी आणि सुगंधा दागिने रंगवायचो. मुकुट, बाजूबंद, सोंडेवरची नक्षी. काका आखणीवाले. म्हणजे गणपतीचे डोळे तेवढे ते करत. मूर्तीचं सगळं काम झाल्यावर, अगदी शेवटी, ती त्यांच्यापुढे जाई.

सगळे त्यांना काका म्हणत. शेठसुद्धा. शेठ त्यांच्याहून फार लहान नव्हते, पण म्हणत. ते रोह्याहून येत. जाताना आम्ही एकाच गाडीत असायचो. मी कासूला उतरायचे, ते पुढे जायचे. गाडीत ते डबा कधी उघडत नसत. “हलत्या जाग्यावर खेळून हरलं तर दोष कुणाचा ते कळत नाय,” म्हणत.

आखणी करताना ते बोलत नसत. हाक मारली तरी ओ देत नसत. चष्म्याला मागे नाडी बांधलेली. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकायची, श्वास धरायचा आणि एका दमात पापणीची रेघ. डोळे झाले की उठून चार हात मागे जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि मूर्तीकडे मान वर करून विचारायचे, “बघतोस का?” मग जरा डावीकडे सरकून, “आता?” मग उजवीकडे. घरी आरतीला माणसं जिथे जिथे बसतील तिथून देव आपल्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. समाधान झालं की नुसतं “हां” म्हणून पुढची मूर्ती ओढत. दिवसाला चाळीस-चाळीस वेळा जमिनीवर बसायचे आणि उठायचे. सुगंधा म्हणायची, काकांना म्हातारपणी गुडघे दुखायचे नाहीत, देव स्वतः येऊन चोळून देईल.

खेळ फक्त जेवणाच्या सुट्टीत. अर्धा तास. त्यांच्यासमोर पाळीपाळीने एक जण बसायचा आणि बाकीचे भोवती. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर डाव मोडला, आणि त्याने पिंपातून सगळ्यांसाठी पाणी आणायचं. एकदा मुंबईचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं होतं. शेठ बाहेरून ओरडले, “काका, दोन मूर्त्या राहिल्यात, टेम्पो थांबलाय!” काकांनी वर न बघता सांगितलं, “माझ्या तीनच गोट्या राहिल्यात.” शेठ आत आले ते भांडायलाच. पण झाकणाकडे बघत उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “ती तांबडी सरकवा ना.” काकांनी गोट्या गोळा केल्या. “डाव मोडला. शेठ, पाणी.” आणि शेठनी खरंच पाणी आणलं.

त्यांचा मुख्य नियम मात्र हरणाऱ्यासाठी होता. हरलेल्याने नुसतं उठून जायचं नाही. कुठे चुकलं ती जागा शोधायची, तिथे बोट ठेवायचं आणि मोठ्याने सांगायचं. “माझी चूक. इथे.” ते झाल्याशिवाय नवा डाव नाही. चुकीच्या जागेवर बोट ठेवलं तर ते मान हलवत आणि सगळा डाव शेवटापासून उलटा मांडत जात. कोणती गोटी कधी कुठे होती ते त्यांना सगळं आठवायचं. बोट बरोबर जागी आलं की “हां”. देवाला म्हणायचे तसंच.

मला हे सुरुवातीला फार जड गेलं. हरण्याचं काही नव्हतं. पण चारचौघांत आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तेही मी कॉलेजात जाणारी. एकदा मी म्हटलं, “काका, मला कळली माझी चूक. मनात कळली.” ते म्हणाले, “मनात सगळ्यांनाच कळती. बोटाला कळायला पायजे.”

घरी मी हा खेळ बाबांना शिकवला. अंगणात कोळशाने पट काढला, चिंचोके आणि खडे घेतले. बाबांचं डोकं चांगलं चालतं, तीन-चार दिवसांत ते मला हरवायला लागले. पण हरायची वेळ आली की त्यांचा गुडघा पटाला लागायचा आणि चिंचोके सगळीकडे. “अगं पाय लागला.” मी काकांचा नियम सांगितला. बाबा मनापासून हसले. “आपली चूक कोण सांगतं गो आपल्या तोंडानं? मुकादमाला सांगितली तर तो घरी बसवील.” मग मीही हरायला आले की कोपर लावायला लागले. आई म्हणायची, “दोघंपण सारखीच.” कारखान्यात मी बोट ठेवायचे आणि घरी कोपर लावायचे. दोन्हीची सवय झाली.

हे सगळं मी लांबवते आहे. पुढचं लिहायचं आहे म्हणून.

श्रावण लागला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी काकांनी बेचाळीस मूर्त्यांचे डोळे केले आणि नेहमीच्या गाडीने गेले. मला शेठनी तासभर थांबवलं होतं, काही मुकुट राहिले होते. फळीवर तीन मूर्त्या डोळ्यांवाचून होत्या, सकाळी काका करणार होते. आतल्या खोलीत मी एकटीच.

मला बरेच दिवस आखणी करून बघायची होती. फुटक्या तुकड्यांवर मी गुपचूप सराव केला होता. काकांची रेघ कशी सुरू होते, कुठे दाबतात, कुठे सोडतात, सगळं पाठ झालं होतं. वाटलं, एक करून बघू. चांगली झाली तर उद्या काकांना दाखवू. ते चार हात मागे बसतील आणि “हां” म्हणतील. एवढंच मनात होतं. आखणीच्या ब्रशला हात लावायचा नाही असं शेठनी सगळ्यांना बजावलेलं होतं, ते मला माहीत होतं.

फुटभर उंचीची मूर्ती होती. मी देवाचा डावा डोळा आधी केला. तो छान झाला, इतका की मला स्वतःचाच आनंद झाला. मग उजवा करायला गेले तर करंगळी टेकायला जागा नव्हती, टेकली असती तर पहिल्या डोळ्याचा ओला रंग पुसला असता. म्हणून हात अधांतरी धरून केला. बुबुळ जरा वर गेलं. जरासंच. पण चार हात मागे बसून बघितलं तर एका डोळ्याने देव माझ्याकडे बघत होता आणि दुसऱ्याने माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे.

पुसायचं धाडस झालं नाही. खालचा रंग निघाला तर काय करायचं ते मला येत नव्हतं. गाडीची वेळ झाली होती. मी ती मूर्ती तयार मूर्त्यांच्या रांगेत मागे नेऊन ठेवली. सकाळी काकांना सांगू असं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण सकाळी कॉलेजात चाचणी होती, आणि मी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

आत शिरले तर सगळे मधल्या खोलीत उभे. रोह्याचं एक गिऱ्हाईक ती मूर्ती पुढ्यात घेऊन बोलत होतं. “वीस वर्षं तुमच्याकडून नेतो, शेठ. हा काय देव झाला? माझी आई बघंल तर रडत बसंल.” काका मूर्तीसमोर जमिनीवर बसलेले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. डावीकडे सरकून बघितलं. उजवीकडे सरकून बघितलं. फार वेळ बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, ही रेघ माझी नाही. मग मी सांगणार होते. ते विचारतील आणि मी सांगेन, असं मनाशी धरून मी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत उभी होते.

त्यांनी हात पुढे केला आणि उजव्या बुबुळाच्या वर बोट ठेवलं.

“माझी चूक,” ते म्हणाले. “हितं.”

गिऱ्हाईकाचा राग एकदम उतरला. “अहो काका, तसं नाय...” शेठ म्हणाले, “होतं हो. बेचाळीस मूर्त्या, माणूसच तो.” काकांनी ओला कापूस मागितला. मी जवळ होते, मीच आणून दिला. त्यांनी डोळा पुसला, खालचा रंग सारखा केला, सुकू दिला आणि पुन्हा आखला. गिऱ्हाईक पाया पडून मूर्ती घेऊन गेलं. झालं असतं तर एवढ्यावर झालं असतं.

त्या दिवशी सुट्टीत डबा निघाला नाही. संध्याकाळी त्यांनी आपले तीन ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून शेठपुढे ठेवले.

“उद्यापास्नं मला दागिन्यांवर बसवा.”

“काय काका, एका मूर्तीवरनं?”

“चूक झाली त्याचं काय नाय. चूक सगळ्यांची होती. पण मला आठवत नाय, शेठ. ही मूर्ती मी कवा केली तेच आठवत नाय. रात्रभर आठवलं तरी आठवायचं नाय. ज्याला चुकताना कळत नाय त्यानं देवाचे डोळे करू नयेत.”

शेठनी खूप समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. मग शेठ म्हणाले, “सीझन तोंडावर आहे, मी डोळे करून घेऊ कुणाकडनं?” काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“हिच्याकडनं. हिचा हात मी बघितलाय. फुटक्या तुकड्यांवर करती ती. मला सगळं दिसतं.”

मला सगळं दिसतं, असं ते म्हणाले. आणि मी तिथे उभी होते. मी बोलले नाही. काम गेलं असतं तर कॉलेज गेलं असतं, हे खरं आहे. पण दोन वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आले, आणि ते पूर्ण खरं नाही. त्या क्षणी मला आनंद झाला होता. घाबरलेला, चोरटा, पण आनंदच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मला शिकवलं. माझ्या दागिन्यांच्या जागेवर ते बसले आणि त्यांच्या जागेवर मी. पहिल्याच दिवशी म्हणाले, “देवाचा उजवा आधी. तो आपल्या डाव्या हाताला येतो. म्हणजे मग दुसऱ्याला हात टेकायला कोरडी जागा मिळती. डावा आधी केलास तर उजव्याला हात अधांतरी राहील, आणि बुबुळ वर जाईल.” मी मान हलवली. माझे कान इतके तापले की सुगंधाने विचारलं, “ताप आहे का गो तुला?”

गणपती झाले आणि काका यायचे बंद झाले.

दोन वर्षं मी आखणी केली. आता गिऱ्हाईकं माझं नाव घेऊन विचारतात. घरी बाबा सगळ्यांना सांगतात, पोरगी देवाला नजर देते. सुट्टीत कारखान्यात आता कुणी काही खेळत नाही, जो तो मोबाईल बघत जेवतो. एकदा मी पुठ्ठ्यावर पट काढून आणला. सुगंधा एक डाव खेळली, हरली आणि हात झटकत उठली. “बोट नको ठेवायला लावू बाई. ते काकांबरोबर गेलं.”

या वर्षी होळीनंतर मी रोह्याला गेले. काकांचं घर नदीकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. दोन खोल्या, पुढे ओटा. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, “अगो, तू ती कॉलेजवाली? ये, बस. रोज तुझं नाव असायचं घरात. आज ती पोरगी इथं चुकली, आज तिथं चुकली.” मग आत तोंड करून, “अवो, तुमची आखणीवाली आलीय बघा!”

काका बाहेर आले. तब्येत चांगली होती. मला बघून त्यांना झालेला आनंद मला बघवेना. त्यांनी कोनाड्यातून डबा काढलाच. “बस. काकूशी खेळून खेळून कंटाळलो. ही जिंकती आणि वर हसती.”

गोट्या मांडायला घेतल्या. मी म्हटलं, “काका, आधी मला एक सांगायचं आहे.” आणि सांगितलं. पाठ करून आणलेलं सगळं विसरले, कसंही सांगितलं. ते तीन मूर्त्यांपासून, ओल्या रंगापासून, मागच्या रांगेपर्यंत.

ते ऐकत राहिले. पांढरी गोटी बोटात तशीच होती.

“डावा आधी केलास?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग उजवा अधांतरी.”

“हो.”

ते थोडा वेळ पटाकडे बघत राहिले. डाव उलटा मांडताना बघत तसे. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “माझा उजवा पहिला असतो. हात टेकलेला असतो. तो वर जायचाच नाय. डावा गेला असता तर गोष्ट वेगळी. हे मला तवाच दिसायला पायजे होतं.” त्यांनी मान हलवली. “मी पण चुकीच्या जाग्यावर बोट ठेवलं म्हणायचं.”

काकूंचं सूप थांबलं होतं. “म्हणजे ह्यांचं डोळं बरं होतं?” त्या म्हणाल्या. “अगो, दोन वरसं हा माणूस सकाळी उठून समोरच्या माडाचे नारळ मोजतो. मोठ्यानं. मंग मला मोजायला लावतो. एक नारळ कमी भरला तर दिवसभर जेवत नाय नीट. पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलं डोळ्यात काय दोष नाय, तर म्हणतो डॉक्टरला काय कळतं, देवाच्या मूर्तीवर मी स्वतः बघितलाय दोष.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आन तू पेणला बसून डोळं करत होतीस.”

“राहू दे गो,” काका म्हणाले. काकूंना म्हणाले की मला, ते कळलं नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खेळताना बघत तसं, वाट बघत.

“बोट ठेव,” ते म्हणाले.

मी पटाकडे बघितलं. त्यावर अजून एकही गोटी नव्हती. “कुठे काका? ती मूर्ती तर त्याच वर्षी पाण्यात गेली.”

“व्हय,” ते म्हणाले. “तेच.”

आणि त्यांनी पांढरी गोटी डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा कोनाड्यात ठेवून आले. मग मला विचारलं, “शेवटचं वर्ष ना? परीक्षा कधी?” काकूंनी चहा केला. चहात साखर नेहमीसारखी असेल, मला लागली नाही.

शेठना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले, मग स्वतः रोह्याला जाऊन आले. काका आले नाहीत. “दोन वर्षांत माझ्या हाताची सवय गेली,” एवढंच म्हणाले म्हणे. शेठनी मला काढलं नाही. सीझन जवळ येत होता.

मी महिन्यातून एकदा तिथे जाते. काका चांगलं बोलतात. या वर्षीच्या मूर्त्यांचं विचारतात, रंग कुठला आणला, भुवई किती जाड. काकू आता चहाबरोबर खायलाही देतात. डबा कोनाड्यात असतो, मला बसल्या जागेवरून दिसतो. तो खाली येत नाही. मी मागत नाही. नियम मला माहीत आहे. बोट ठेवल्याशिवाय नवा डाव नाही.

परवा निघाले, चप्पल घातली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि छत्री विसरली म्हणून परत फिरले. ओट्याच्या पायरीशी आले तर आतून पत्र्यावर गोटी ठेवल्याचा आवाज आला. टक. मग काकूंचा आवाज, “हरलात. ठेवा बोट.”

मी छत्री न घेता स्टेशनकडे गेले.